चरापासून शिडीपर्यंत : कुपवाड औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात केबल ट्रेच्या निवडीचा ऐतिहासिक मागोवा

बीजशब्द : केबल ट्रे, विद्युत वायरिंग, औद्योगिक वसाहत, कुपवाड, अग्निसुरक्षा

प्रस्तावना

औद्योगिक वसाहतीचा इतिहास लिहिताना संस्थापक, भांडवल, यंत्रे, कामगार आणि बाजारपेठ यांची चर्चा होते. 'कारखान्यात वीज आली' अशी एका ओळीची नोंदही त्यात असते. मात्र आलेली वीज मुख्य पॅनेलपासून प्रत्येक यंत्रापर्यंत कोणत्या वाटेने गेली, हा प्रश्न इतिहासाचा मानला जात नाही. तो वायरमनचा मानला जातो. प्रस्तुत लेखात याच वाटेचा, म्हणजे ज्यावर केबली ठेवल्या जातात त्या केबल ट्रेचा, कुपवाड औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

केबल ट्रे म्हणजे छताखाली टांगलेला अथवा भिंतीलगत बसवलेला, केबलींचा भार वाहणारा आधार होय. तो बहुधा पोलादाचा असतो. दोन बाजूंना उभ्या पट्ट्या आणि मध्ये ठराविक अंतरावर आडवे दांडे असले तर त्यास शिडी ट्रे किंवा लॅडर ट्रे म्हणतात. पत्र्यास छिद्रे पाडून कडा वर वळवल्या की परफोरेटेड ट्रे होतो. तळ सलग ठेवून वर झाकण बसवले की बंद ट्रे अथवा रेसवे, आणि तारा एकमेकींस जोडून केलेला तो जाळीचा ट्रे. पुरवठादारांच्या दरपत्रकात हे चारही प्रकार शेजारी शेजारी छापलेले असतात. त्यामुळे त्यांतील भेद मुख्यतः किमतीचा आहे, असा समज सहज होतो. वस्तुतः प्रत्येक प्रकारामागे एक वेगळी अडचण आहे. ती विस्मरणात गेली की निवड चुकते, आणि त्या चुकीची किंमत निवड करणाऱ्यापेक्षा त्या ट्रेखाली काम करणाऱ्यालाच अधिक मोजावी लागते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

छताखालची मोकळी झालेली जागा

सांगली-मिरज रस्त्याच्या उत्तरेस वसलेले कुपवाड आज सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग आहे. ही महानगरपालिका १९९८ मध्ये अस्तित्वात आली. औद्योगिक नकाशावर मात्र कुपवाडचे नाव त्याआधीपासूनच होते. या परिसरास यंत्रोद्योगाची परंपरा त्याहूनही जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या अधिपतींकडून मिळालेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली, हे सर्वश्रुत आहे. त्या पिढीतील कारखान्यांची सर्वसाधारण रचना डोळ्यांसमोर आणली पाहिजे. एक एंजिन, त्याने फिरणारा छताखालचा लांब शाफ्ट, त्यावरील पुल्या आणि प्रत्येक यंत्रापर्यंत उतरणारे चामड्याचे पट्टे. यंत्र कोठे ठेवायचे हे कामाच्या सोयीने नव्हे, तर शाफ्टच्या रेषेने ठरत असे. पट्टा निसटणे, पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा हात सापडणे हे त्या काळातील अपघातांचे नेहमीचे स्वरूप होते.

प्रत्येक यंत्रास स्वतंत्र विद्युत मोटार मिळू लागली तेव्हा हा शाफ्ट निरुपयोगी ठरला. शक्ती वाटून देण्याचे काम पट्ट्याकडून तारेकडे आले. छताखालची जी जागा शाफ्टने अडवली होती ती रिकामी झाली आणि आज त्याच उंचीवर, बहुधा त्याच ट्रसच्या आधाराने, केबल ट्रे टांगलेला दिसतो. परंतु हे स्थलांतर सरळ झाले नाही. मधल्या काळात केबल जमिनीखाली गेली होती.

पश्चिम महाराष्ट्राच्या दृष्टीने १९६२ हे वर्ष महत्त्वाचे मानावे लागेल. कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहातून याच वर्षी वीजनिर्मिती सुरू झाली आणि याच वर्षी १ ऑगस्ट रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. तत्पूर्वी, १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले होते. स्वस्त भूखंड, तयार रस्ता आणि मंडळाची वीज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळू लागल्यामुळे ज्याच्याकडे स्वतःचे एंजिन घेण्याची ऐपत नव्हती, तोही कारखानदार होऊ शकला. कुपवाडसारखी वसाहत ही या व्यवस्थेची निर्मिती होय. येथे एकछत्री कारखानानगर नव्हते. ओतकाम, यंत्रभाग, सूत व कापड, रसायने, अन्नप्रक्रिया, पुढे बेदाण्याची व हळदीची शीतगृहे अशी परस्परांशी संबंध नसलेली असंख्य शेड्स येथे उभी राहिली. प्रत्येक मालकाने आपल्या शेडमधील वायरिंगचा निर्णय स्वतंत्रपणे घेतला. किर्लोस्करवाडीत एखादा निर्णय अभियंत्यांच्या खात्यात होत असेल. येथे तो मालक, वायरमन आणि शेजारचा फॅब्रिकेटर यांच्या उभ्या उभ्या झालेल्या बोलण्यात होत असे.

चर, नळी आणि ॲल्युमिनिअम

घरगुती वायरिंगचा क्रम आपल्या परिचयाचा आहे. लाकडी केसिंग-कॅपिंग, मग सागवानी बॅटनवर क्लिपांनी ठोकलेली वायर, मग लोखंडी कंड्यूट आणि शेवटी भिंतीत गाडलेली पीव्हीसी नळी. त्याचा येथे अधिक विस्तार करण्याचे कारण नाही. कारखान्यात प्रश्न वेगळा होता. तेथील जुन्या केबलींवर तेलात भिजवलेल्या कागदाचे आवरण व त्यावर शिशाचे कवच असे. ती केबल जड असे, आणि वारंवार वाकवणे अथवा हादरे बसणे तिला मानवत नसे. तिला चरात वाळूच्या थरावर निजवून वर विटा मांडणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. शेडच्या आत त्या चरावर चेकर्ड प्लेट टाकली जाई.

चर दिसत नाही, हा त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. लेथखालचे तेल, लोखंडाचा कीस, धुण्याचे पाणी आणि उंदीर यांना चरासारखी दुसरी जागा नाही. कृष्णाखोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीत गाडलेल्या केबलीच्या सांध्यांवर त्याचा ताण येतो. शिवाय लहान उद्योगात यंत्रांची जागा सतत बदलते. नवे काम मिळाले की नवे यंत्र येते आणि जुने सरकवले जाते. दरवेळी फरशी फोडणे परवडणारे नव्हते.

केबल वर जाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही असे वाटते. तांब्याची देशांतर्गत उपलब्धता कमी आणि परकीय चलनाची चणचण, यांमुळे स्वातंत्र्योत्तर भारताने शक्तिवाहक केबलींसाठी ॲल्युमिनिअमचा अंगीकार केला. समान विद्युतरोध हवा असेल तर ॲल्युमिनिअमचा छेद तांब्याच्या सुमारे १.६ पट ठेवावा लागतो. वजन मात्र जवळपास निम्मे भरते. म्हणजे केबल हलकी झाली, पण जाड झाली. जाड केबल कंड्यूटच्या वळणातून ओढणे कठीण, आणि हलकी केबल वर टांगणे सोपे. त्यातच शिशाच्या जागी पीव्हीसीचे आवरण आणि पोलादी आर्मर आल्यामुळे केबल उघड्यावर राहण्यास समर्थ झाली. छताखाली जाण्यासाठी जे जे लागते ते सर्व तिच्यापाशी आले. राहिला फक्त आधार.

किलोचा भाव आणि मीटरचा भाव

हा आधार आरंभी बाजारातून आला नाही, तो जागेवर तयार झाला. अँगल, चॅनल, पट्टी, वेल्डिंग यंत्र आणि ग्राइंडर या सामग्रीतून शिडी करता येते. छिद्रित पत्रा करण्यास मात्र पंचिंग प्रेस आणि पत्रा वाकवण्याचे यंत्र लागते. त्यामुळे ज्या वसाहतीत फॅब्रिकेशनची दुकाने विपुल तेथे शिडी ट्रे ही स्वाभाविक निवड ठरली. लाल ऑक्साइडचा एक हात आणि वर रंगाचे दोन हात दिले की काम पूर्ण झाले असे समजले जाई.

फॅब्रिकेशनचे काम किलोवर मोजले जाते, तर कारखान्यात तयार झालेला ट्रे मीटरवर विकला जातो, ही बाब केवळ हिशेबाची वाटेल. परंतु तिचा परिणाम वस्तूच्या रूपावर झाला आहे. किलोचा भाव असेल तर जड लोखंड वापरण्यात करणाऱ्याचा लाभ असतो. जुन्या शेडमधील ओबडधोबड शिड्या माणूस उभा राहिला तरी वाकत नाहीत, त्याचे रहस्य यात आहे. मीटरचा भाव आला आणि पत्रा पातळ करण्यात लाभ दिसू लागला. दोन मिलिमीटरचा पत्रा १.६ वर, तेथून १.२ वर येतो आणि दुरून पाहणाऱ्याला त्यातील फरक कळत नाही.

पातळ पत्र्यास आधार जवळ जवळ द्यावे लागतात. नेमकी तीच गोष्ट काम घाईत असताना वगळली जाते. समान भार असलेल्या तुळईचे वाकणे तिच्या लांबीच्या चतुर्घाताच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ दीड मीटरवर द्यावयाचा आधार तीन मीटरवर दिला तर वाकणे दुप्पट होत नाही, सोळापट होते. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६१५३७ क्रमांकाच्या मानकानुसार, जे प्रथम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, मान्य भाराखाली ट्रेचे मधोमध वाकणे त्या अंतराच्या शंभराव्या भागापेक्षा अधिक असू नये. दीड मीटरसाठी ही मर्यादा १५ मिलिमीटर होते. कोणत्याही जुन्या शेडमध्ये मान वर करून पाहिल्यास झोपाळ्यासारखे लोंबलेले ट्रे आढळतात. त्यांची मोजणी करण्यास यंत्र लागत नाही.

उष्णता, जस्त आणि हळद

केबलमधून वीज वाहताना उष्णता निर्माण होते व ती बाहेर पडली नाही तर आवरण हळूहळू कडक होऊन तडकते. पीव्हीसी आवरणाच्या केबलीत तारेचे तापमान सातत्याने ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, क्रॉसलिंक्ड पॉलिथिनसाठी ही मर्यादा ९० अंश आहे. भारतीय मानकांतील वहनक्षमतेचे तक्ते हवेचे तापमान ४० अंश गृहीत धरून केलेले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत सांगली परिसरात सावलीतच पारा चाळिशीला पोहोचतो. पत्र्याच्या छताखाली, जेथे ट्रे टांगलेला असतो, तेथील हवा त्याहून कितीतरी तापलेली असते. म्हणजे तक्त्यातील आकडा या शेडमध्ये लागूच पडत नाही. अशा स्थितीत केबलीच्या खालून वर हवा जाऊ देणारी शिडी आणि झाकण लावलेला बंद ट्रे यांत निवड करणे म्हणजे त्या केबलीचे आयुष्य ठरवणे होय. केबली एकमेकींस चिकटून दोन-तीन थरांत रचल्या तर शिडीचाही लाभ उरत नाही.

मग बंद ट्रे कोणी घ्यावा, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर वसाहतीच्या वैविध्यात आहे. ओतकामाच्या शेडमध्ये उडणारे तप्त कण उघड्या केबलीवर पडतात. तेथे झाकण हवे. सांगलीची हळद प्रसिद्ध आहे, आणि तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु हळदीला पॉलिश करताना व दळताना उडणारी धूळ ज्वलनशील असते, हे तिच्या गौरवगाथेत येत नाही. ही धूळ, सूतगिरणीतील तंतू आणि साखर कारखान्यातील बगॅसचा भुसा हे सर्व आडव्या, सलग तळाच्या ट्रेवर साचतात. तापलेल्या केबलीवर भुशाची गादी म्हणजे एकीकडे उष्णता कोंडणे आणि दुसरीकडे जळणाची सोय करणे. सिमेंटसारख्या धुळीच्या उद्योगांत शिडी आडवी न ठेवता तिची एक कड खाली करून उभी बसवण्याची रीत आहे. त्यामुळे धुळीला बसण्यास जागाच उरत नाही. या रीतीला खर्च नाही, थोडी जागा व काही जादा क्लँप लागतात. तिचा प्रसार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही.

शीतगृहात शत्रू वेगळा आहे. थंड खोलीच्या भिंतीतून जाणाऱ्या केबलीच्या वाटेने बाहेरची दमट हवा आत शिरते व गार पृष्ठभागावर पाणी धरते. सलग तळाच्या ट्रेमध्ये ते साचते, शिडीतून गळून जाते. शीतयंत्रणेत अमोनिया असेल तर ओलसर अमोनियाचे तांब्या-पितळेशी जमत नाही, त्यामुळे ग्लँड आणि लग यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

लोखंडाला गंजापासून वाचवणाऱ्या जस्ताच्या थराविषयी सर्वाधिक गोंधळ आहे. 'जीआय ट्रे' हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एका प्रकारात आधीच जस्त चढवलेला पत्रा आणून त्याला छिद्रे पाडतात. दुसऱ्यात ट्रे पूर्ण तयार करून वितळलेल्या जस्तात बुडवतात. पहिल्या प्रकारच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असेल तर एका बाजूचा थर जेमतेम आठ मायक्रॉन भरतो, आणि छिद्रांच्या कापलेल्या कडा उघड्या राहतात. आयएस ४७५९ या मानकानुसार दोन ते पाच मिलिमीटर जाडीच्या बुडवलेल्या वस्तूवर प्रत्येक पृष्ठभागास दर चौरस मीटरला ४६० ग्रॅम, म्हणजे सुमारे ६४ मायक्रॉन जस्त अपेक्षित आहे. सातपट-आठपट फरक असलेल्या या दोन वस्तू नव्या असताना सारख्याच चमकतात. किंबहुना पातळ थराची वस्तूच अधिक गुळगुळीत दिसते. कोरड्या कार्यालयात पहिला प्रकार पुरेसा आहे, तेथे दुसऱ्यावर खर्च करणे उधळपट्टी ठरेल. रसायनाच्या शेडमध्ये किंवा पावसात उघड्या राहणाऱ्या छतावर मात्र पहिला प्रकार घेणे ही काटकसर नव्हे.

दोन आगी

येथवरचा विचार केबल टिकण्याचा झाला. ट्रेकडे आगीची वाट म्हणून पाहण्याची दृष्टी मात्र उशिरा आली, आणि ती दोन अणुवीजकेंद्रांतील आगींमुळे आली. कुपवाडच्या शेडशी त्यांचा संबंध दूरचा वाटेल. पण तेथील केबल, ट्रे आणि भिंतीतील भोक यांत तत्त्वतः काही वेगळे नव्हते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात ब्राऊन्स फेरी येथे २२ मार्च १९७५ रोजी कामगार भिंतीतून जाणाऱ्या केबलींभोवतीच्या फटी बुजवत होते. हवा गळते का, हे पाहण्यासाठी ते पेटती मेणबत्ती फटीजवळ धरत. फटीत भरलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला. आग भिंतीपलीकडे जाऊन ट्रेवरून पसरत गेली, सुमारे सात तास चालली आणि सोळाशेच्या वर केबलींची हानी झाली. एकमेकींना पर्याय म्हणून ठेवलेल्या सुरक्षा यंत्रणांच्या केबली एकाच वाटेने जात होत्या, ही त्यातील खरी भयावह गोष्ट होती. पुढे १९८० मध्ये अमेरिकी अणुनियामक आयोगाने नियम केले. पर्यायी यंत्रणांच्या केबलींत तीन तास टिकणारा अग्निरोधक अडसर असावा, किंवा आग शोधणारी व विझवणारी यंत्रणा ठेवून त्यांत किमान वीस फुटांचे अंतर असावे, असे त्यांत म्हटले आहे.

भारतात असाच धडा ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे मिळाला. पहाटेच्या सुमारास टर्बाइनची पाती तुटली, जनित्रातील हायड्रोजन व तेल पेटले आणि आग केबल ट्रेवरून आत शिरली. पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबली पुरेशा विलग नव्हत्या, वाटेत पुरेसे अग्निरोधक अडसर नव्हते. परिणामी एका अणुभट्टीचा संपूर्ण वीजपुरवठा सुमारे सतरा तास बंद राहिला. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांच्या पाण्याने भट्टी थंड ठेवण्यात आली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, याचे श्रेय त्या रात्री काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिले पाहिजे.

या दोन्ही घटनांत ट्रेचा प्रकार कोणता होता यापेक्षा तो भिंतीतून कसा नेला आणि त्यावर शेजारी काय ठेवले, या गोष्टी निर्णायक ठरल्या. लहान कारखान्यात हे प्रमाण छोटे होते, स्वरूप तेच राहते. अग्निशमन पंपाची केबल ज्या ट्रेवर भट्टीची केबल आहे त्याच ट्रेवर ठेवली, तर आग लागेल तेव्हा पंप सर्वात आधी बंद पडेल. पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू आणि काळा धूर दरवाजा दिसेनासा करतो. अशा शेडमध्ये रात्रपाळीचा कामगार होरपळून मरण्याआधी गुदमरून मरण्याची शक्यता अधिक असते.

नियम आणि आजची शिडी

भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील ४५ व्या नियमाने वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच झाले पाहिजे असे ठरवून दिले. वायरिंगची संहिता आयएस ७३२ ही १९६३, १९८२, १९८९ अशी सुधारत आली, आणि २०१९ च्या आवृत्तीत ती आंतरराष्ट्रीय मानकांच्या बरीच जवळ गेली. राष्ट्रीय विद्युत संहिता १९८५ मध्ये निघाली. १९५६ च्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व नंतर २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. नियमांचा अभाव ही आपली अडचण नाही. निविदेत 'केबल ट्रे, ३०० मिलिमीटर रुंद, दर मीटर' एवढीच ओळ असते आणि पत्र्याची जाडी, जस्ताचा प्रकार, आधारांतील अंतर व सांध्यांची अर्थिंग हे चार तपशील वगळले जातात, तेथे प्रश्न निर्माण होतो. रंगवलेल्या ट्रेच्या सांध्यात रंगाचा थर विद्युतप्रवाहास अडवतो, म्हणून प्रत्येक सांध्यावर जोडपट्टी लागते. वरील आंतरराष्ट्रीय मानकात सांध्याचा रोध ५० मिलिओहमहून अधिक नसावा असे म्हटले आहे. हा तपशील लिहिला नाही तर ट्रेला वीज उतरलेली असूनही फ्यूज जात नाही, आणि ते प्रथम कळते शिडी लावून वर चढणाऱ्या माणसाला.

अलीकडे या ट्रेंवर नवे भाडेकरू आले आहेत. संगणक व कॅमेऱ्यांच्या बारीक केबली शिडीच्या दोन दांड्यांमध्ये लोंबतात, त्यांच्यासाठी जाळीचा ट्रे अधिक योग्य. परंतु शेडमध्ये शिडी आधीच असल्यामुळे त्या शक्तिवाहक केबलींवरच टाकल्या जातात. छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्या उद्योगांत एकदिश प्रवाहाच्या केबली उन्हात तापलेल्या पत्र्यालगत धावतात. एकदिश प्रवाहाची ठिणगी प्रत्यावर्ती प्रवाहाप्रमाणे क्षणोक्षणी शून्यावर येत नसल्याने ती सहज विझत नाही. यांच्या खाली जुन्या, कोठेही न जोडलेल्या केबली तशाच पडून असतात. यंत्र विकले जाते, त्याची केबल मात्र ट्रेवर राहते, कारण दहा केबलींखालून एक ओढून काढण्याची मजुरी तिच्या भंगाराच्या किमतीहून अधिक पडते. अमेरिकेच्या विद्युत संहितेने २००२ पासून वापरात नसलेल्या संदेशवाहक केबली काढून टाकणे बंधनकारक केले, ते त्यांतील जळण कमी व्हावे म्हणून. कुपवाडच्या शेडमध्ये तीन पिढ्यांच्या केबली एकाच शिडीवर आहेत, आणि त्यांतील कोणती जिवंत व कोणती मृत हे पुष्कळदा एकाच जुन्या वायरमनला ठाऊक असते.